चित्रगुप्ताची चूक

रुग्णालयाच्या मागील अंगास, जिथे औषधांचा वास संपतो आणि धुलाईघरातील वाफेचा वास सुरू होतो, तिथे एक बुटकी, एकमजली इमारत आहे. तिच्यात खोल्या तीनच. पहिलीत वाचाचिकित्सा करणाऱ्या डॉक्टरीणबाई बसतात. दुसरी ध्वनिमुद्रणाची, भिंतींना जाड फोम लावलेली, आणि दार ओढून घेतले की स्वतःचा श्वासही परका वाटावा इतकी निःशब्द. तिसरीत, दोन पडद्यांसमोर, गेली एकतीस वर्षे एक गृहस्थ बसत आले आहेत. हजेरीपटावर त्यांचे पद 'ध्वनिमापक' असे लिहिलेले आहे. पण त्या पदाने त्यांना कुणी हाक मारल्याचे ऐकिवात नाही. शिपायापासून शल्यचिकित्सकापर्यंत सारे त्यांना चित्रगुप्त म्हणतात.

हे नाव त्यांना उगाच मिळालेले नव्हते. माणसाच्या मुखातून निघालेल्या प्रत्येक उच्चाराचे चित्र त्यांच्यापुढे येई, आणि त्या चित्रात जे गुप्त असे ते त्यांना दिसे. ज्या विद्येला जगात स्पेक्ट्रोग्राम म्हणतात, तिच्यात काळ डावीकडून उजवीकडे सरकतो, नादाची उंची खालून वर चढते, आणि जिथे नाद बळकट तिथे काळेपणा दाट होतो. अनभिज्ञाला ते ओल्या भिंतीवरच्या डागांसारखे वाटते. चित्रगुप्तांना त्यात स्वर दिसत, व्यंजने दिसत, बोलणाऱ्याला सर्दी झाली असेल तर तीही दिसे.

ते आले होते मात्र वायरमन म्हणून. त्या काळी इथे एक जुने यंत्र होते. त्याच्या रुळावर खास कागद गुंडाळायचा, रूळ गरगर फिरायचा आणि विजेची ठिणगी त्या कागदाला जाळत जाळत चित्र काढायची. अडीच सेकंदांच्या बोलण्याला पाच मिनिटे लागत. ते यंत्र वरचेवर रुसे, आणि त्याची समजूत काढायला या तरुणाला नेमले होते. एकदा दुरुस्ती झाल्यावर विभागाचे तेव्हाचे वृद्ध प्रमुख त्याला म्हणाले, "नुसता स्क्रू काय पिळतोस? बोल काहीतरी, म्हणजे चालतंय की नाही ते कळेल." गोंधळलेल्या माणसाच्या तोंडी जे पहिले यावे तेच आले. तो म्हणाला, "आई."

रूळ फिरला, धूर निघाला, कागद हाती आला. वृद्ध प्रमुखांनी पेन्सिलीचे टोक टेकवले. "हा तुझा 'आ'. जबडा उघडलास, म्हणून खालचा पट्टा वर आला. आता इथून बघ, जीभ टाळूकडे निघाली. खालचा पट्टा खाली उतरला, दुसरा वर चढला, मधे मोकळं मैदान पडलं. ही 'ई'."

त्या पट्ट्यांना फॉर्मंट म्हणतात, हे त्याला तेव्हा कळले. कंठातून निघणारा नाद कच्चा असतो. मुखाची पोकळी त्यातल्या काही उंचींना घुमवते आणि बाकीच्यांना विझू देते. जिभेने जागा बदलली की पोकळीचा आकार बदलतो, आणि पट्टेही बदलतात. खालचे दोन पट्टे कुठे आहेत एवढे पाहिले की स्वर कोणता ते सांगता येते. आपल्या पूर्वजांनी कंठ, तालू, ओष्ठ अशी स्थाने केवळ स्वतःच्या मुखात लक्ष घालून निश्चित केली होती. तीच स्थाने जळक्या कागदावर उमटलेली पाहून त्या वायरमनचे देहभान हरपले. त्या संध्याकाळी तो घरी गेला तेव्हा नव्या नवरीने नाक मुरडून विचारले, "काय जाळून आलात?" त्याने खिशातून कागद काढला. "आईला," तो म्हणाला. आणि मग अर्धा तास खुलासा करीत बसला.

पुढे ते यंत्र गेले, संगणक आला. वायरमनचा ध्वनिमापक झाला, ध्वनिमापकाचा चित्रगुप्त झाला. पण एक शिस्त त्यांनी जुन्या यंत्राच्या काळातली तशीच राखली. संगणक पट्ट्यांचे आकडे क्षणात काढून देतो. तरी चित्रगुप्त आधी चित्र उघडत, डोळ्यांनी पट्टे पाहत, मनाशी अंदाज बांधत, आणि मगच आकड्यांकडे वळत. आधी डोळा, मग आकडा. शिकाऊ मुली आल्या की पहिल्या दिवशी हेच सांगत. एकतीस वर्षांत ही शिस्त एकदाच मोडली, आणि ती एका मंगळवारी.

त्या मंगळवारी सकाळी बालवर्गातील अकरा लेकरे आली होती. चार-चार वर्षांची. त्यांचे उच्चार मोजायचे होते. एकीने माइकला पापा दिला, एकाने "हे आइस्क्रीम आहे का?" असे विचारून तो चाटायचा प्रयत्न केला. लेकरांचे मुख चिमुकले, म्हणून त्यांचे पट्टे फार उंचावर बसतात आणि एकमेकांपासून लांब असतात. संगणकाला आधीच सांगून ठेवावे लागते, "बाबा रे, आठ हजार हर्ट्झपर्यंत शोध." मोठ्या बाईमाणसाला साडेपाच हजार पुरतात. चित्रगुप्तांनी सकाळी मर्यादा आठ हजारांवर नेली, अकराही लेकरांचे स्वर मोजले आणि हात झटकले.

दुपारी बाराच्या सुमारास जावयाचा फोन आला. "बाबा, मुलगी झाली! दोघी छान आहेत!" मागून एक तारस्वर ऐकू येत होता. चित्रगुप्त खुर्चीतून उठले, बसले, पुन्हा उठले. "तिला जवळ आण. फोनजवळ आण तिला," एवढेच त्यांना सुचले. मग ते तिन्ही खोल्यांतून सांगत फिरले, धुलाईघरातही जाऊन आले. शिपाई म्हणाला, "आजोबा झालात, आता चष्म्याचा नंबर वाढणार." कॅन्टीनमधून बिस्किटांचे पुडे आले. अशा आनंदाच्या भरात दुपारचे काम पुढ्यात आले. आणि ते काम होते उद्घोषिकाबाईंचे.

या बाई शहराच्या मोठ्या बसस्थानकावर एकोणीस वर्षे घोषणा करीत होत्या. कुठली गाडी कुठल्या फलाटावर, कुणाचे लेकरू चौकशी-खिडकीशी रडत उभे आहे, हे सारे हजारो लोकांना त्यांच्या आवाजातून कळे. मग जिभेच्या कडेला एक गाठ निघाली. शस्त्रक्रियेत गाठीसोबत जिभेचाही काही भाग गेला. जीव वाचला, पण वाणी लडबडली. कार्यालयाने त्यांना पार्सलच्या खोलीत बसवले; तिथे खोक्यांवर चिठ्ठ्या चिकटवायच्या, बोलायचे काम नाही. आठ महिने त्या आठवड्यातून तीनदा डॉक्टरीणबाईंकडे येत, आरशासमोर बसून जीभ वर, मागे, पुढे नेत. आता गुरुवारी कार्यालयाची बैठक होती. रुग्णालयाचा अहवाल सांगेल की उच्चार एकमेकांपासून वेगळे पडतात, तर माइक परत मिळणार. नाहीतर पार्सलची खोली कायमची.

मंगळवारी दुपारी त्यांनी निःशब्द खोलीत बसून ठरलेले शब्द म्हटले: पान, पीक, पूर, पान, पीक, पूर, दहा-दहा वेळा. चित्रगुप्तांनी बिस्कीट खात खात बटण दाबले, आकडे आले, ते तक्त्यात उतरले. डॉक्टरीणबाईंनी तक्ता पाहिला, त्यांचा चेहरा पडला. पण आकडे चित्रगुप्तांचे, म्हणजे शंकेला जागा नाही. त्यांनी खाली सही केली.

बुधवारी सकाळी बाई अहवाल न्यायला आल्या. चित्रगुप्तांच्या खिडकीशी उभ्या राहून त्यांनी पाकीट फोडले, चष्मा लावला, आणि व्यवसायाची सवयच ती, मोठ्याने वाचू लागल्या.

"रुग्णेच्या... 'ई' आणि 'ऊ' या स्वरांमध्ये... भेद आढळत नाही." चष्म्यावरून पाहत त्यांनी विचारले, "दादा, भेद आढळत नाही, म्हणजे मी 'पीक' म्हटलं काय आणि 'पूर' म्हटलं काय, सारखंच?"

चित्रगुप्तांचा हात नोंदवहीवर तसाच थांबला.

"पुन्हा म्हणा बरं."

"काय पुन्हा म्हणू? वाचलं की. 'ई' आणि 'ऊ'मध्ये भेद नाही. आठ महिने आरशात वेडावून दाखवत बसले, त्याचं हे फळ." बाईंनी कागदाची घडी घातली. आवाज किंचित जाड होता. 'ळ' अडखळला होता. "असू दे. तुम्ही तरी काय करणार? आहे ते लिहिलंत."

बाई भेद नाही असे म्हणत होत्या, आणि म्हणताना त्यांच्या मुखातून 'ई' लख्ख 'ई' पडत होती आणि 'ऊ' लख्ख 'ऊ'. अहवालाचे खंडन खुद्द अहवाल वाचणारीच करीत होती!

"बाई, बसा. पाच मिनिटं बसा. कुठे जाऊ नका."

"गाडीची वेळ..."

"गाड्या काय, दर दहा मिनिटांनी येतात. बसा म्हणतो ना!"

त्यांनी कालची चित्रे उघडली. 'पीक' मधली 'ई': खालचा पट्टा जमिनीलगत, दुसरा पंचवीसशेच्या आसपास, मधे मोकळे मैदान. पूर्वीइतका उंच नसेल, पण स्वच्छ. 'पूर' मधला 'ऊ': दोन्ही पट्टे खाली, एका पांघरुणात शिरलेल्या भावंडांसारखे जवळजवळ. एक चारशेच्या अलीकडे, दुसरा आठशेच्या जरा वर. आंधळ्यालाही दिसावे! मग तक्त्यात 'ऊ'चा दुसरा पट्टा सव्वीसशेवर कसा? 'ई'चा पंचवीसशे, 'ऊ'चा सव्वीसशे. म्हणूनच तर दोघांत भेद नव्हता.

त्यांची नजर पडद्याच्या कोपऱ्याकडे गेली. मर्यादा: आठ हजार.

लेकरांची मर्यादा उतरवायची राहून गेली होती. संगणक बिचारा सांगकाम्या. त्याला आठ हजारांपर्यंत मोजकेच पट्टे शोधायला सांगितले होते, म्हणून त्याची अपेक्षा अशी की पट्टे लांब लांब असणार. वीतभर अंतरावर खुंट्या शोधत जाणाऱ्याला बोटभर अंतरावरच्या दोन खुंट्या एकच वाटाव्यात, तसे झाले. 'ऊ'चे दोन जवळचे पट्टे त्याने एक धरले आणि खूप वरचा तिसरा पट्टा दुसरा म्हणून मोजला. चित्र आधी पाहिले असते, तर हे एका दृष्टिक्षेपात कळले असते.

चित्रगुप्त उठले आणि थेट डॉक्टरीणबाईंच्या खोलीत गेले. दार वाजवायचेही भान राहिले नाही.

"मॅडम, मी चुकलो."

डॉक्टरीणबाईंनी मान वर केली. चित्रगुप्तांच्या लेकीच्या वयाची ती मुलगी. पहिल्या दिवशी 'आधी डोळा' हा धडा घेतलेली. "काय झालं, काका?"

"काल मर्यादा बदलली नाही. लेकरांच्या मापाने बाईंना मोजलं. बाळाचं टोपडं त्यांच्या डोक्यावर घालून बघितलं आणि म्हटलं, डोकंच बेढब आहे."

डॉक्टरीणबाईंना हसू आवरेना, पण लगेच त्या गंभीर झाल्या. "आणि चित्र?"

"पाहिलं नाही."

"काका! तुम्ही?"

"मी. काल मला चित्रात फक्त नात दिसत होती."

"सही माझी आहे," डॉक्टरीणबाई हळू म्हणाल्या. "आकडे बघून मलाही नवल वाटलं होतं. पण तुमचे आकडे म्हणून विचारलं नाही. म्हणजे निम्मी चूक माझी. द्या इकडे, तक्ता पुन्हा काढू."

"नको. काल एक आकडा, आज दुसरा. बैठकीतले लोक म्हणतील, बाईंची दया आली म्हणून फिरवला. नवं रेकॉर्डिंग घ्या. मोजणी तुम्ही करा. आज माझ्या हाताने मोजायचं नाही."

"मग तुम्ही काय करणार?"

"मी वाचीन. आवाज बंद ठेवून, नुसतं चित्र. बाईंना मनाला येईल ते बोलू दे. मला वाचता आलं, तर उच्चार वेगळे आहेत. नाही आलं, तर नाहीत. माझ्या कानावर आज माझा भरवसा नाही. तो त्यांच्या बाजूने झुकलाय. डोळ्याला त्यांचा आवाज ऐकू येत नाही, म्हणून डोळ्याला विचारू."

बाहेर बाकावर बसलेल्या उद्घोषिकाबाईंना सारे समजावून सांगितले. त्यांनी ते शांतपणे ऐकले, आणि मग चित्रगुप्तांकडे असे पाहिले की त्या पाहण्याचे चित्र कोणत्याही यंत्राला काढता आले नसते.

"म्हणजे जन्मभर पार्सलच्या खोलीत बसायला मी निघाले होते, ते तुमच्या नातीपायी?"

"हो," चित्रगुप्त म्हणाले.

"नाव ठेवलं का?"

"अजून नाही."

"बरं आहे. शिव्या देताना कोणाला द्यायच्या ते कळायला नको." असे म्हणून बाई उठल्या, पदर सावरला आणि निःशब्द खोलीत शिरल्या. "आधी घोटभर पाणी द्या," त्या आतून म्हणाल्या, आणि दार लागले.

प्रथम ठरलेले शब्द झाले. डॉक्टरीणबाईंनी मर्यादा साडेपाच हजारांवर ठेवली, ती दोनदा तपासली, एकेक चित्र पाहिले आणि मगच मोजले. 'आ' आपल्या जागी, 'ई' आपल्या जागी, 'ऊ' आपल्या जागी. तिघांमध्ये ऐसपैस अंतर. त्यांनी काही बोलून दाखवले नाही, पण लेखणीचे टोपण काढून ठेवले.

मग बाई आपल्या मनाचे एक वाक्य बोलल्या. डॉक्टरीणबाईंनी ते कानाला हेडफोन लावून ऐकले, आणि ओठ घट्ट मिटून घेतले. चित्रगुप्त खोलीबाहेर धुलाईघराच्या भिंतीकडे तोंड करून उभे होते. त्यांना आत बोलावले, पडद्यापुढे बसवले. बाईही बाहेर येऊन मागे उभ्या राहिल्या.

चित्रगुप्तांनी बोट पडद्यापासून केसभर दूर धरले.

"आधी निःशब्द जागा. मग ठिणगी, म्हणजे जीभ सुटतानाचा स्फोट, आणि घर्षण, घर्षण फार उंच. हा 'च', पण कोणता? टाळूवरचा नाही, दातांजवळचा. जिभेचं टोक दातांपर्यंत गेलंय!" ते मागे वळले. "बाई, टोक पोचतंय तुमचं!"

"पुढे वाचा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"मग स्वर. दोन्ही पट्टे खाली, जवळजवळ. लांब टिकलाय. 'ऊ'. 'चू'. शेवटी दुसरा आणि तिसरा पट्टा एकमेकांकडे ओढले गेलेत, म्हणजे जिभेची पाठ मागे टेकली. 'क'. चूक." त्यांनी चष्मा पुसला. "पुढचा शब्द. टोकदार ठिणगी, 'त'. आखूड 'उ'. फिकट पट्टे, ओठ मिटून नाकातून, 'म'. आणि हा पाहा, हा दुसरा 'च'! याचं घर्षण खाली उतरलंय. हा टाळूवरचा. पुढे 'ई', मैदान मोकळं. 'ची'. तुमची." ते थांबले. "चूक तुमची?"

मागून कोणीतरी खुदकन हसले.

"पुढे वाचा की, दादा," उद्घोषिकाबाई म्हणाल्या.

"हे 'श'. 'इ'. 'क्ष'चं जोड... शिक्षा." चित्रगुप्तांचे कान लाल होऊ लागले होते, पण बोट सरकत राहिले. "ओठ मिटले, 'मा'. पुन्हा टाळूवरचा, कंठातल्या नादासकट... 'झी'." त्यांनी हात मांडीवर ठेवला आणि अपराध्यासारखे सगळे एका दमात म्हटले, "चूक तुमची, शिक्षा माझी."

डॉक्टरीणबाईंनी इतका वेळ कोंडलेले हसू मोकळे सोडले. शिपाई दारातून डोकावला. उद्घोषिकाबाईंनी दोन्ही हातांनी तोंड झाकले होते, आणि त्या हसत होत्या की रडत होत्या ते सांगणे कठीण होते; बहुधा दोन्ही. "अक्षर न् अक्षर!" त्या म्हणाल्या. "मेले, अक्षर न् अक्षर वाचलंत!"

"वाचता येतंय, म्हणून वाचलं," चित्रगुप्त म्हणाले. "दोन्ही 'च' वेगळे बोलता तुम्ही. धडधाकट जिभेच्या माणसांचे घोटाळे होतात तिथे."

आपल्या परंपरेत वाणीच्या चार पायऱ्या सांगितल्या आहेत, आणि त्यांतल्या एकीचे नाव पश्यन्ती, म्हणजे पाहणारी. वैखरी कानांनी ऐकू येते. पश्यन्तीला ऋषींचा डोळा लागतो असे मानतात. त्या बुटक्या इमारतीत त्या सकाळी कुणी ऋषी नव्हता. पण एका बाईचे बोलणे एका माणसाने पाहिले, आणि पाहून तिला तिचे बोलणे परत दिले, एवढे खरे.

नव्या अहवालावर सही झाली. खाली चित्रगुप्तांच्या हट्टाने एक वाक्य जोडले गेले: 'मंगळवारचा अहवाल ध्वनिमापकाच्या चुकीमुळे रद्द समजावा.' डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "एवढं लिहायलाच हवं का?" ते म्हणाले, "हवं. चूक कुणाची ते त्यांनी सांगितलंच आहे." 'ळ'ला अजून सराव लागेल हेही लिहिले गेले. बाईंनी ते वाचले आणि म्हटले, "खरं आहे. फळ, बाळ, गोंधळ, सगळीकडे अडकतं. घेते मनावर."

गुरुवारी बैठक झाली. शुक्रवारी सायंकाळी पार्सलच्या खोलीची किल्ली बाईंनी परत केली, असा निरोप आला.

सोमवारी चित्रगुप्त कामावरून निघाले ते वाट वाकडी करून बसस्थानकावर गेले. तिथून त्यांच्या घराकडे गाडी जाते खरी, पण ते एरवी कधी तिथून जात नसत. फलाट सहाच्या बाकावर पिशव्या मांडीवर घेतलेली एक वयस्कर बाई बसली होती. "पुलापलीकडची गाडी इथेच लागते ना हो?" त्यांनी विचारले. "इथेच. मी त्यानंतरच्या गाडीची वाट बघतेय," ती म्हणाली. ते शेजारी बसले.

वर खांबावरचा कर्णा खरखरला. मग तो आवाज आला. किंचित जाड, पण भरीव. फलाट क्रमांक सांगितला, गाडी कुठे जाणार ते सांगितले, प्रवाशांना विनंती केली. चित्रगुप्तांनी डोळे मिटले. 'सहा'तला 'आ' पूर्ण उघडला होता. 'पुलापलीकडे' म्हणताना 'उ' खाली बसला, 'ई' मैदान ओलांडून वर गेली, 'क' मागे टेकला. त्या काळोखात एकामागून एक पट्टे उमटत होते, चढत होते, उतरत होते, आणि ते पाहताना त्यांच्या चेहऱ्यावर असे हसू पसरले की शेजारच्या बाईने जरा सरकून घेतले. घोषणा पुन्हा एकदा झाली. एक घंटी वाजली, इंजिन घुरघुरले, धुराचा वास आला आणि गेला.

"अहो," शेजारच्या बाईने त्यांच्या कोपराला हात लावला. "तुमची ती पुलापलीकडची गाडी गेली की! दोनदा सांगितलं त्या बाईने. ऐकू आलं नाही का?"

चित्रगुप्तांनी डोळे उघडले. फलाट रिकामा होता.

"आलं की," ते म्हणाले. "अक्षर न् अक्षर आलं."

"मग चढला का नाहीत?"

चित्रगुप्त पाय पसरून, अधिकच ऐसपैस बसले आणि म्हणाले, "पुढच्या गाडीची घोषणा किती वाजता करतात हो?"